लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेघा, चौकोन, लुकलुक : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, ज्यांच्या ज्यांच्या लॅपटॉपच्या स्क्रीनने कधी ना कधी जीव खाल्लाय त्यांनी इथे लिहा, आणि मुख्य म्हणजे शेवटी नक्की काय निघालं तेही लिहा, कारण नेटवर शोधायला गेलं की 'ड्रायव्हर अपडेट करा'च्या पुढे गाडीच जात नाही.

सुरुवात मी करतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घाईघाईत घेतलेला लॅपटॉप, ५८ हजारांचा. गेला दीड महिना असं चाललंय की चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं एकदम शहाण्यासारखा वागतो, मग स्क्रीनवर बारीक रंगीत चौकोन यायला लागतात, विटांची भिंत रचल्यासारखे, कधी आडव्या रेघा, कधी अर्धी स्क्रीन जांभळी. रिस्टार्ट केला की बरा, थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझं काम जीएसटी रिटर्न भरायचं, त्यामुळे २० तारखेला याने जांभळं तोंड दाखवलं की माझं पांढरं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्याने पाच मिनिटं बघितलं, उघडलासुद्धा नाही, आणि म्हणाला मदरबोर्ड गेला, ३२ हजार. वॉरंटी केव्हाच संपलीय. आतमध्ये कोणी हात घातलेला नाही, गेल्या दिवाळीत ८ जीबी रॅम वाढवून घेतली तेवढंच.

-----

पाच मिनिटांत मदरबोर्ड! आमच्याकडे डॉक्टर जीभ बघायला तरी तेवढा वेळ घेतात.

माझा अनुभव पुण्यातला. माझ्याही स्क्रीनवर रेघा यायच्या पण उभ्या, आणि मजा अशी की झाकण एका ठरावीक कोनात ठेवलं की गायब. मी तीन महिने तो लॅपटॉप आरामखुर्चीसारखा मागे कलवून वापरला, मीटिंगमध्ये समोरच्यांना माझ्या नाकपुड्या आणि पंखा एवढंच दिसायचं. स्क्रीनची केबल बिजागरीतून वर जाते, झाकण हजारदा उघडमिट झालं की ती आतल्या आत दुमडून तुटत जाते किंवा कनेक्टरमधून जराशी सुटते. सर्व्हिस सेंटरने आख्खी स्क्रीन बदलायला सांगितली होती, साडेअकरा हजार. शेवटी तापकीर गल्लीत एका मुलाकडे नेला, त्याने बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट) काढून केबल दाखवली, बिजागरीपाशी चिमटून काळी पडलेली. नवीन केबल आणि मजुरी मिळून १४०० रुपये. ही २०२२ ची गोष्ट, अजून चालतोय.

तर दादा, आधी झाकण हळूहळू हलवून बघा रेघा बदलतात का. आणि एचडीएमआयने घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर दोष स्क्रीनचा नाहीतर केबलचा. टीव्हीवरही तीच रांगोळी दिसली तर मामला खालच्या भागात आहे.

-----

छोटीशी टीप. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी अशी चार बटणं एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, टुक् आवाज येतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी असलेली कामं तशीच राहतात. माझं एवढ्यावर भागलं होतं, एका अपडेटनंतर बिघडलेलं, डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर आधीच्या व्हर्जनवर नेला आणि संपलं. २० तारखेला निदान रिस्टार्टचा वेळ तरी वाचेल तुमचा.

-----

माझा अनुभव वाचून हसायचं असेल तर हसा. मला वाटायचं स्क्रीन मरतेय, कारण टाइप करता करता मध्येच फट्कन काळी व्हायची, लॅपटॉप झोपायचा, हात उचलला की उठायचा. नवऱ्याने वापरला की काही नाही, मी बसले की सुरू. घरात यावरून जे काही ऐकून घेतलंय मी, विचारू नका. विंडोज परत टाकलं, बॅटरी बदलली, मग एके दिवशी घड्याळ चार्जिंगला लावून कामाला बसले आणि दिवसभर एकदाही काळी झाली नाही. घड्याळाचा पट्टा चुंबकाचा! झाकण बंद झालंय हे कळायला लॅपटॉपच्या आत छोटा सेन्सर असतो, तो झाकणातल्या चुंबकावर चालतो, आणि माझं डावं मनगट नेमकं त्याच्यावर टेकायचं. बॅटरीचे ३२०० गेले ते गेलेच.

-----

ताई, तुम्ही निदान स्वतःच शोधलंत. आमच्या गुहागरकडे वेगळाच ताप. पावसाळ्यात इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लॅपटॉपचं काय घेऊन बसलात. माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर जुलैमध्ये खालच्या कोपऱ्यातून ढगासारखा डाग चढायला लागला, त्यात मधूनमधून लुकलुक, आणि सकाळी जास्त, दुपारी लॅपटॉप तापला की कमी. मी शाळेत शिकवतो, निकालपत्रकं सगळी त्यातच, त्यामुळे धास्ती. चिपळूणला नेला तर त्याने उघडल्यावर पहिल्यांदा मुंग्या निघाल्या. म्हणजे अक्षरशः वारूळ, अंड्यांसकट, पंख्याच्या बाजूला. उबदार, कोरडी, निवांत जागा, त्यांना दुसरं काय पाहिजे. पोरगा म्हणाला, सर, यांचा प्रॉपर्टी टॅक्स भरताय का तुम्ही. त्याने स्क्रीनच्या केबलचा कनेक्टर काढून दाखवला, पिनांवर हिरवट थर. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ ब्रशने साफ केलं, वाळवलं, लावलं. लुकलुक थांबली. ढग मात्र गेला नाही, तो पॅनेलच्या थरात गेलेला ओलावा, त्याला औषध नाही म्हणे. तसाच वापरतोय, कोकणचा नकाशा म्हणून.

आता जूनपासून लॅपटॉप हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आणि लॅपटॉपशेजारी बसून फरसाण खाणं बंद, हे जास्त जड गेलं.

-----

लिनक्सवाल्यांसाठी : इंटेल ग्राफिक्स असेल आणि स्क्रीन अधूनमधून थरथरत असेल, विशेषतः चित्र स्थिर असताना, तर पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद करून बघा. वीज वाचवायला पॅनेल शेवटचं चित्र स्वतःच धरून ठेवतं, काही मॉडेल्सवर ते नीट जमत नाही. कर्नलच्या ओळीत (लिनक्स सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचनांत) आय९१५ चं, म्हणजे इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं, पीएसआर (हेच सेल्फ रिफ्रेश) शून्य करायचं. मी पॅनेल बदलायला निघालो होतो, एका ओळीत काम झालं.

आणि धागाकर्त्यासाठी एक फुकट चाचणी. चौकोन दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर पाठवून बघा. फोनवरच्या चित्रातही चौकोन असतील तर तुमची स्क्रीन आणि केबल निर्दोष, कारण स्क्रीनशॉट पॅनेलचा फोटो नसतो, तो मेमरीतल्या चित्राची कॉपी असते. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला तर मात्र एवढ्यावरून कोणालाच निर्दोष म्हणू नका.

-----

साताऱ्याला आमच्या जुन्या घरात चार्जर लावला की स्क्रीनवर बारीक लहरी यायच्या आणि मेटलच्या बॉडीवरून बोट फिरवलं की झिणझिण्या. चार्जर काढला की दोन्ही बंद. तीन पिनांचं सॉकेट होतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेतलं, लहरी गेल्या. लॅपटॉप दुरुस्तीला नेला असता तर दुकानात उत्तम चालला असता आणि मीच वेडा ठरलो असतो.

-----

मी बारा वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता बंद केलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. चौकोन म्हटले की आमच्या धंद्यात पहिलं वाक्य 'ग्राफिक्स चिप गेली, रिबॉलिंग करावं लागेल'. रिबॉलिंग म्हणजे चिप उचलून खालचे सोल्डरचे (डाखाचे) बारीक गोळे नवीन घालायचे. नीट करणारा कारागीर आणि मशीन असेल तर ठीक, पण बहुतेक ठिकाणी हॉट एअर गनने चिप नुसती भाजतात. भाजल्यावर लॅपटॉप चालू होतो, गिऱ्हाईक खूश, दुकानदार पैसे घेतो, आणि महिना-दोन महिन्यांत परत तेच. कारण बऱ्याचदा दोष खालच्या गोळ्यांत नसतोच, चिपच्या आतल्या जोडणीत असतो. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिप्समधल्या अशाच दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं स्वतः जाहीर केलं होतं. ॲपलनेही २०११ च्या मॅकबुक प्रोंसाठी २०१५ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढली, तिथेही तक्रार हीच, वेडंवाकडं चित्र आणि अचानक रिस्टार्ट. म्हणून मॉडेल नंबर टाकून अशी काही योजना आहे का ते आधी बघायचं, मग खिशात हात घालायचा.

आता धागाकर्ते, तुम्हाला प्रश्न. तुमच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? आणि चौकोन सोडून इतर काही विचित्र होतं का, प्रोग्रॅम बंद पडणं वगैरे? तुम्ही रॅमचा उल्लेख जाता जाता केलाय, मी तिथेच अडकलोय.

-----

धागाकर्ता परत हजर. काल रात्री सगळं केलं. टीव्हीला जोडलं, वीस मिनिटांनी टीव्हीवरही चौकोन. स्क्रीनशॉट घेतला, बायकोच्या फोनवर पाठवला, त्यातही चौकोन. झाकण हलवून काही फरक नाही. वेगळं कार्ड नाही, इंटेलचंच आहे आतलं. आणि हो, ब्राउझरचे टॅब आपोआप मरतात, आणि दोन एक्सेल फाइल्स 'करप्ट' म्हणून उघडल्याच नाहीत, पण ते मी विंडोजच्या नावावर खपवलं होतं. म्हणजे मदरबोर्डच ना शेवटी?

-----

थांबा थांबा. मदरबोर्ड बदलायचाच झाला तर आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. माझा बोर्ड वॉरंटीत बदलून आला, घरी येऊन चालू केला तर निळी स्क्रीन आणि की मागतोय. बोर्डावरची सुरक्षेची चिप बदलली की डिस्क मालकाला ओळखत नाही. नशीब, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडली.

आणि वॉरंटीत असणाऱ्यांसाठी : माझी स्क्रीन आठ महिन्यांत तीनदा गेली, कंपनी दर वेळी 'तपासणीत दोष आढळला नाही' लिहून परत पाठवायची. मी दर वेळी रेघांचा व्हिडिओ, तारीख दिसेल असा, काढून ठेवला आणि जॉबशीट (सर्व्हिस सेंटरचा दुरुस्तीचा कागद) जपली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तीन आठवड्यांत बदली लॅपटॉप मिळाला. नसता मिळाला तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फीसुद्धा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

-----

दुकानवाला पुन्हा. मदरबोर्ड नव्हे हो, इतक्यात नव्हे. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधलाच तुकडा वापरतं. रॅम सडकी असेल तर चित्र सडणार, टॅब मरणार, फाइल्स बिघडणार, तिन्ही एकाच विहिरीचं पाणी. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) टाका, रात्रभर चालवा. मग लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, खालचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, रॅमची एकेक काडी काढून चालवून बघा. काडीच्या सोनेरी पट्टीवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, बुरा झटका, परत टक्कन बसेपर्यंत दाबा. निम्म्या केसेस आम्ही खोडरबरावर काढल्यात आणि बिलावर 'बोर्ड सर्व्हिसिंग' लिहिलंय. सांगतो म्हटलं ना मोकळेपणाने.

-----

मंडळी!!! तीन आठवड्यांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो होतो कारण आधी दोनदा 'झालं बुवा नीट' म्हणून तोंडावर पडलोय.

विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी केली त्यात काही सापडलं नाही, त्यामुळे दुकानवाल्या काकांवर थोडा अविश्वास आला होता, माफी असावी. मग मेमटेस्ट लावून झोपलो, सकाळी उठून बघतो तर स्क्रीनभर लाल ओळी, म्हणजे रॅमच्या चुका. खोडरबर केलं, लाल ओळी कायम. एकेक काडी काढली. मूळची ८ जीबी एकटी लावली तर चार फेऱ्या स्वच्छ. दिवाळीतली एकटी लावली तर पहिल्याच फेरीत लाल. मग तीच काडी दुसऱ्या खाचेत घातली, तिथेही लाल, म्हणजे खाच चांगली, काडीच खराब. खालचं झाकण उघडताना प्लास्टिकची एक कडी मोडली ती मोडली, सेलोटेप आहे. सध्या एका ८ जीबीवर चालतोय, एक्सेल उघडायला जरा कुंथतो, पण २० तारीख चौकोनाविना पार पडली. ३२ हजारांऐवजी आत्तापर्यंतचा खर्च एक खोडरबर, तेही मुलीच्या कंपासमधलं.

-----

वा! ती खराब काडी फेकू नका हं. बहुतेक ब्रँडेड रॅमला निदान तीन वर्षांची वॉरंटी असते, काहींना त्याहून जास्त. काडीवरचं स्टिकर फाटलेलं नसेल आणि पावती असेल तर बदलून मिळेल. पावती आहे ना?

-----

आहे, स्कॅन करून ठेवली होती. त्या दोन करप्ट एक्सेल फाइल्स म्हटलं ना, त्यातल्या एकीत चिकटवलीय. कोणाला फाइल दुरुस्त करायचा अनुभव?