बाखचा फ्यूग पियानोवर वाजवताना विषय प्रत्येक वेळी ठासून वाजवावा का?

मध्यसप्तक (धागाकर्ता):
योहान सेबास्टियन बाख यांच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहाच्या पहिल्या खंडातला (१७२२) सी मायनर प्रेल्यूड आणि फ्यूग सध्या बसवतो आहे. प्रेल्यूडबद्दल (आधीच्या प्रस्तावनेच्या तुकड्याबद्दल) माझी तक्रार नाही; प्रश्न फ्यूगचा आहे, म्हणजे एकच छोटी धून (‘विषय’) एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र स्वरओळींत (‘आवाजां’त) आळीपाळीने येते त्या रचनेचा. सी हा षड्ज धरला तर सा-नी-सा, खालचा प, कोमल ध अशी सुरुवात असलेला विषय तीन आवाजांमध्ये मिळून आठ वेळा येतो, आणि तो आला की ठासून वाजवायचा व बाकीचे आवाज दाबायचे, असे आपल्याला शिकवले जाते. मला ते पटत नाही. तिसऱ्या बारमध्ये (स्वरलिपीतल्या मात्रांच्या खंडात) वरचा आवाज विषय उचलतो, तेव्हा मधला आवाज घेतो ती उतरती तान विषयाइतकीच मोलाची आहे. नवव्या-दहाव्या बारमध्ये खालचा आवाज त्याच तानेवर चालतो. विषय ठासला की ती तान नुसती भरतीची वाटू लागते. बाखच्या काळच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यावर तार छेडली जाते, त्यामुळे बोटाच्या जोराने स्वर लहान-मोठा होत नाही, आणि तरीही हे संगीत तिथे पूर्ण उभे राहते.

काळी चार:
आपल्या म्हणण्याशी मी असहमत आहे. ग्रंथाच्या नावात ‘क्लाविअर’ आहे, आणि त्या काळी या शब्दात क्लाविकॉर्ड हे पट्ट्यांचे छोटे वाद्यही येत असे. क्लाविकॉर्डचा नाद अगदी नाजूक असला तरी त्यावर बोटाच्या वजनाने स्वर लहान-मोठा करता येतो. पियानोही बाखना अपरिचित नव्हता. वाद्यनिर्माते झिल्बरमान यांच्या सुरुवातीच्या पियानोचे वरचे स्वर दुबळे आहेत आणि पट्ट्या जड आहेत, अशी तक्रार त्यांनी केल्याचे त्यांचे शिष्य आग्रिकोला यांनी नोंदवले आहे. पुढे १७४७ मध्ये पॉट्सडॅमच्या दरबारात त्यांनी झिल्बरमान यांचेच पियानो वाजवले. शिवाय आजच्या पियानोचा स्वर भरदार आणि लांबणारा आहे. तिन्ही आवाज सारख्याच वजनाने वाजवले, तर मधला आवाज बुडतो आणि कान आपोआप वरच्या आवाजाकडेच जातो. म्हणजे आपण ज्याला समानता म्हणता, ती पियानोवर प्रत्यक्षात वरच्या आवाजाची मक्तेदारी ठरते.

मध्यसप्तक:
मधला आवाज बुडतो, हे मान्य. परंतु त्यावर उपाय म्हणून विषय मोठा करण्याऐवजी मधला आवाज थोडा वर काढावा, मग त्यात त्या क्षणी विषय असो वा तान. विषय ओळखू यावा यासाठी स्वरांची जोड-तोड पुरेशी आहे: सा-नी-सा जोडून आणि पुढचे दोन स्वर सुटे वाजवले, तर हलक्या हातानेही तो लगेच ऐकू येतो. हार्पसिकॉर्डवादक हेच करतात.

भाता:
मी पेटी वाजवतो आणि गेली काही वर्षे पियानो शिकतो आहे. पेटीवर भात्याचा जोर सगळ्या स्वरांवर एकदम पडतो, एकच स्वर निवडून पुढे आणता येत नाही. म्हणून ज्या वाद्यावर ते करता येते, तिथे ते टाळावे हे मला पटत नाही. मात्र पेडलच्या (स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीच्या) बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. शेवटच्या तीन बारमध्ये डावा हात खालच्या दोन सा धरून बसतो आणि वरचा विषय व मधले स्वर बहुतांशी उजव्या हाताला पेलावे लागतात. तिथे पाय आपोआप पेडलवर जातो, आणि सा-नी-सा मधला नी सा मध्ये मिसळून जातो.

काळी चार:
पेडलबद्दल दुमत नाही. त्या जागी मी मधल्या स्वरांवर बोटे बदलून हात मोकळा करतो आणि अखेरच्या मेजर स्वरसंघावरच (शुद्ध ग असलेल्या, एकत्र वाजणाऱ्या स्वरांवरच) पाय टेकवतो. पण शेवटचा विषय मी ठासूनच वाजवीन. खाली सा स्थिर असताना तो आठव्यांदा आणि अखेरचा येतो, तेव्हा त्याला इतरांच्या बरोबरीने बसवणे मला अन्यायाचे वाटते.

मध्यसप्तक:
त्या एका जागी मी आपले ऐकतो. उरलेल्या सात जागी नाही.