शिकारीच्या काडतुसात दारू काठोकाठ भरावी की बेतानं?

वाळपईवाला: आधीच सांगतो, आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे आणि ती बंदच राहावी. मी बोलतोय न्यूझीलंडबद्दल. तिथं हरणं बाहेरून आणून सोडलेली, त्यांना खाणारं जनावर नाही, ती जंगल ओरबाडून खातात. तिथं मी बारा वर्षं डेअरी फार्मवर होतो. .३०८ रायफलची काडतुसं स्वतः भरायचो, आणि तीही दारूची मापं देणाऱ्या पुस्तकातल्या कमाल मापापर्यंत.

जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. काडतुसं सकाळपासून गाडीच्या काचेखाली तापलेली. पहिली गोळी हरणाला जरा मागे लागली. दुसरीसाठी बोल्ट, म्हणजे रायफलचा खटका, उचलायला गेलो, तो उचलेना. तळहातानं हाणून उघडेपर्यंत जनावर झाडीत गेलं. काळोख पडेस्तोवर रक्ताचे थेंब शोधत फिरलो. मिळालं नाही. घरी काडतुसाचं रिकामं पितळी कवच पाहिलं तर प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची टोपी, चपटा, आणि बुडावर कवच बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा चकचकीत ठसा. उष्णतेनं काडतुसातला दाब प्रमाणाबाहेर चढला होता. तेव्हापासून मी बेतानंच भरतो.

म्हादईकाठ: दादा, चूक काडतुसं तापवण्याची, भरण्याची नव्हे. कमाल माप दाब मोजूनच ठरवतात. भावाबरोबर मी तिकडच्या डोंगरात फिरलोय, समोरच्या उतारावरचं हरीण चारशे यार्डांवर असतं. दारू कमी भरली की तिथवर वेग घटतो, आणि वेग सेकंदाला अठराशे फुटांच्या खाली गेला की बऱ्याच गोळ्या अंगात शिरल्यावर नीट फुलत नाहीत, म्हणजे पसरत नाहीत, आरपार जातात. मग जखमी जनावर पळालं तर दोष कोणाचा?

वाळपईवाला: दाब मोजला तो पुस्तकवाल्यांच्या नळीत, त्यांच्या दारूच्या लॉटवर. माझं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, वेगळं. आणि मिळतं काय? सेकंदाला शंभर फूट जादा वेग. तीनशे यार्डांवर गोळी इंच-दीड इंच कमी खाली येते, एवढंच. गोळी फुलण्याचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर उपाय दारू नाही. रांगत शंभर यार्ड पुढं जा, नाहीतर मारू नका.

काणकोणचा: शिकारी जिम कॉर्बेटनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली .२७५ रिग्बी रायफलनं मारला. तिचं काडतूस म्हणजे ७×५७, आजच्या मानानं मवाळच. मात्र बेतानं म्हणजे मनाला येईल तेवढं कमी नव्हे हो. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापाखाली, विशेषतः मंद जळणारी दारू, तीही धोक्याची.

म्हादईकाठ: बिबट्या जवळून मारला होता, काणकोणचा बाब. तो अनुभव माझ्या डोंगरातल्या लांबच्या नेमाला लागू पडत नाही. मी माझं माप बदलणार नाही. काडतुसं मात्र यापुढं सावलीत ठेवीन, आणि बोल्ट जरा जड लागला की तिथंच थांबेन.

वाळपईवाला: तेवढं तरी करा. बोल्ट जड व्हायला लागला तो माझ्या त्या हरणाच्या आदल्या दिवशीच. मला कळलं होतं, तरी गेलो.