क्रेडिट कार्डाचे व्याज वाढले: बँकेशी भांडावे की आधी थकबाकी फेडावी?

पेडणेकर: किनाऱ्याजवळ आमचे चार खोल्यांचे गेस्ट हाऊस आहे. पावसाळ्यात पर्यटक जवळजवळ नसतातच; त्यामुळे छपराची डागडुजी, वीजबिल आणि चवथीचा (गणेशचतुर्थीचा) खर्च क्रेडिट कार्डावर पडतो आणि डिसेंबरपर्यंत तो फिटतो, असे गेली काही वर्षे चालले आहे. एकदाही भरणा चुकवलेला नसताना, पुढील महिन्यापासून व्याज दरमहा ३.५ ऐवजी ३.७५ टक्के होईल असा संदेश बँकेने पाठवला आहे. थकबाकी ८०,००० रुपये आहे. जुन्या दराने केलेल्या खरेदीवर नवा दर लावणे मला अन्यायाचे वाटते. आपले मत काय?

निवृत्त बँक कर्मचारी, फोंडा: राग समजतो, पण तो चुकीच्या आकड्यावर आहे. ८०,००० वर जुन्या दराने महिन्याचे व्याज २,८०० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ३,३०४ रुपये होते. नव्या दराने तेच ३,५४० होईल. म्हणजे वाढ २३६ रुपयांची, आणि आपण भांडणार तेवढ्यासाठीच. उरलेले ३,३०४ मात्र आपण मुकाट्याने भरत आला आहात. किमान रक्कम म्हणून ४,००० भरत असाल, तर नव्या दराने त्यातले ४६० रुपयेच मुद्दलात जातील. शिवाय मागील बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) सामानावरही खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढते. बँकेत सोने तारण ठेवून कर्ज घेतल्यास दर याच्या निम्म्याहूनही कमी पडेल. आधी ही थकबाकी तिकडे वळवावी.

डिचोलीकर: हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. प्रत्येक ग्राहकाने ‘२३६ तर आहेत’ म्हणून गप्प बसावे, याच भरवशावर दर वाढवले जातात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार शुल्कातील बदल किमान एक महिन्याच्या पूर्वसूचनेशिवाय आणि मागील तारखेपासून लागू करता येत नाही; तो मान्य नसल्यास बंद करण्याचे वेगळे शुल्क न देता कार्ड परत करता येते. तेव्हा संदेशाची तारीख प्रथम तपासावी, लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे.

म्हापशाहून: कार्ड परत करायला आधी सगळी थकबाकी भरावी लागते. ज्याच्याकडे ती भरायला पैसे आहेत, त्याला व्याजाची चिंता कशाला?

निवृत्त बँक कर्मचारी, फोंडा: नेमके हेच. लोकपाल सूचनेतील त्रुटी पाहील. दर जास्त आहे एवढ्यावरून तो कमी करून देईल, अशी आशा ठेवू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांवरील व्याज अनुचित ठरवले होते. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. जुन्या खरेदीबद्दल म्हणाल, तर व्याज शिल्लक रकमेवर दिवसागणिक चढते, त्यामुळे पुढच्या दिवसांना पुढचा दर लागतो.

डिचोलीकर: कायदेशीर आहे म्हणून ते रास्त ठरत नाही. वर्षाला ४५ टक्के घेणाऱ्या गावातल्या सावकाराला आपण काय म्हणतो, हे फोंड्याच्या काकांनी सांगावे. आणि चवथीच्या तोंडावर घरातले सोने तारण ठेवायला सांगणे सोपे आहे. घरातील बायकांना विचारून पाहावे.

पेडणेकर: विचारले. उत्तर इथे लिहिण्यासारखे नाही. गावच्या पतसंस्थेत माझी मुदत ठेव आहे, तिच्यावर कर्ज काढून निम्मी थकबाकी या आठवड्यात फेडतो. उरलेल्या रकमेचे हप्ते किती दराने पाडून देता, हे बँकेला लेखी विचारतो. संदेशाची तारीखही पाहिली: सूचना आणि अंमलबजावणी यांत २२ दिवसांचेच अंतर आहे. तेव्हा डिचोलीकर, तक्रारीचा मसुदा तुम्हीच तपासून द्यायचा.