सिक्युअर बूट चालू केला, स्क्रीन काळी झाली आणि बोर्डावर ‘९पी’ दिसतंय

खिळेजुळव्या (नारायण पेठ)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, कारण थोडक्यात लिहिलं की तुम्हीच दहा उलटे प्रश्न विचारता.

माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. मशीन असं: इंटेल आय५-९४००एफ, झेड३९० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, विंडोजसाठी २४० जीबीचा एसएसडी आणि फायलींसाठी वेगळी १ टीबीची हार्डडिस्क. ग्राफिक्स कार्ड मात्र आधीच्या मशीनमधून काढून लावलेलं, २०१२ सालचं. चालतंय तर टाकायचं कशाला, हा आमच्या घरचा हिशेब.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तरी मी ढकलत होतो. गेल्या गुरुवारी लाईट जाणार असा मेसेज आला म्हणून काम हाती घेतलं नाही, आणि लाईट गेलीच नाही. रिकामा वेळ वाईट. विंडोज ११ चालेल का ते तपासलं. टीपीएम (चाव्या सांभाळणारी सुरक्षा-सोय) चालू नाही आणि सिक्युअर बूट (मशीन उठताना सही नसलेला प्रोग्राम चालू न देणारी सोय) नाही, अशी दोन लाल फुल्यांची उत्तरं आली. एक व्हिडिओ बघितला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये) जाऊन पीटीटी (इंटेलचं टीपीएम) चालू केलं, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद केलं, सिक्युअर बूट चालू केला, एफ१० दाबून सेव्ह केलं.

तेव्हापासून स्क्रीन काळी. पंखे फिरतात, दिवे लागतात, मॉनिटर म्हणतो सिग्नल नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात दोन आकडी छोटा डिस्प्ले आहे, त्यावर थोडा वेळ भराभर काहीबाही येतं आणि शेवटी ‘९पी’वर थांबतं. बोर्डाच्या पुस्तकात मागे कोडचा तक्ता आहे, त्यात ९पी नाही. नेटवर शोधलं तर लेन्सची जाहिरात आली.

बॅटरी काढून दोन मिनिटांनी परत बसवली. फरक शून्य. तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, “बोर्ड गेला, नवीन घ्या.” फोटो उघडायलाही एवढा वेळ लागत नाही.

शनिवारी एका मुंजीची पत्रिका द्यायची आहे. बोर्ड खरंच गेला का?

बाप्या_कर्वेनगर

काका, आधी रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने घासा आणि परत बसवा. दहापैकी सात मशीन एवढ्यानेच उठतात. मोठी बहीण शाळेत वापरायची तो पांढरा खोडरबर घ्या, पेन्सिलीच्या मागचा लाल नको.

खिळेजुळव्या

घासली. ९पीच. एक गंमत मात्र झाली. रॅम परत न बसवताच चुकून बटण दाबलं, तर डिस्प्लेवर ‘५५’ आलं. रॅम बसवली की पुन्हा ९पी. ५५ तक्त्यात आहे: मेमरी बसवलेली नाही.

हिंजवडी_फेज_तीन

काका, एक प्रश्न. तो डिस्प्ले तुम्ही कोणत्या बाजूने वाचताय? कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवलंय का?

खिळेजुळव्या

हो, आडवं. मी वरच्या बाजूला स्टुलावर बसलोय. का?

हिंजवडी_फेज_तीन

म्हणजे तुम्ही उलटं वाचताय. हे कोड हेक्साडेसिमलमध्ये असतात. त्यात शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ एवढीच चिन्हं. पी त्यात येऊच शकत नाही, म्हणून शंका आली. त्या सात काड्यांच्या डिस्प्लेवर इंग्रजी सहा उलटा केला की नऊ होतो आणि छोटा डी उलटा केला की पी. डावं-उजवंही बदलतं. तुमचं ९पी म्हणजे सरळ बाजूने ‘डी६’. ५५ मात्र उलटं केलं तरी ५५च दिसतं, म्हणून तो तुम्हाला तक्त्यात सापडला.

आता तक्ता उघडा. डी६ समोर ‘कन्सोल आउटपुट डिव्हाइस सापडलं नाही’ अशा अर्थाचं वाक्य असेल. मराठीत सांगायचं तर: चित्र कुठे दाखवू ते मला कळत नाही.

बोर्ड गेलेला नाही. रॅम काढल्यावर त्याने रॅम नाही म्हणून बरोबर तक्रार केली. प्रोसेसर चालतोय, बायोस वाचला जातोय, मेमरी तपासली जातेय, हे सगळं त्या एका ५५ ने सिद्ध झालं. मेलेला बोर्ड इतकं नेमकं बोलत नाही. खोडरबराने मशीन उठलं नाही, पण निदान झालं, बाप्याला श्रेय द्या.

थोडं खोलात जातो, कारण पुढच्या माणसालाही लागेल. (बायोस टेस्टिंगमध्ये आठ वर्षं काढली आहेत, त्यामुळे या विषयावर मला आवरणं अवघड असतं.) मशीन उठताना प्रत्येक टप्प्यावर बायोस एक बाइट ‘पोर्ट ८०’ या पत्त्यावर लिहितो. ही चाल १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासूनची. एक बाइट म्हणजे दोन हेक्स अंक. पूर्वी ते बघायला वेगळं कार्ड खोचावं लागायचं, आता महागड्या बोर्डांवर डिस्प्लेच असतो. बहुतेक कोड ‘मी आता हे करतोय’ एवढंच सांगतात. मशीन ए२ वर अडकलं तर ए२ हा आजार नव्हे, डिस्क शोधताना गाडी थांबली एवढाच त्याचा अर्थ. पण तुमच्यासारख्या एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये डी ने सुरू होणारं घराणं वेगळं. ती सरळ तक्रार असते. डी४ म्हणजे पीसीआय उपकरणांना द्यायला जागा पुरली नाही, डी७ म्हणजे कीबोर्डसारखं इनपुट सापडलं नाही, डी८ म्हणजे पासवर्ड चुकीचा. कंपनीगणिक थोडाफार फरक असतो, म्हणून स्वतःच्याच बोर्डाचं पुस्तक बघायचं.

कार्ड तर जागेवर आहे, मग सापडलं का नाही? प्रत्येक ग्राफिक्स कार्डात एक छोटा प्रोग्राम भरलेला असतो, ऑप्शन रॉम. विंडोज सुरू व्हायच्या आधी चित्र उमटवायचं काम त्याचं. जुन्या कार्डांतला प्रोग्राम जुन्या १६-बिटी बायोसच्या भाषेत लिहिलेला. नवे बोर्ड यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) बोलतात, त्यांना कार्डात जीओपी नावाचा ड्रायव्हर लागतो. सीएसएम हा या दोघांमधला दुभाष्या. तुम्ही दुभाष्याला घरी पाठवलंत आणि कार्डाला नवी भाषा येत नाही. २०१२ च्या सुमाराची बरीच कार्डं याच संधिकालातली. काही बोर्ड समंजस असतात, असं कार्ड दिसलं की स्वतःहून सीएसएम चालू करून तसा निरोप देतात. तुमचा हट्टी दिसतोय. आणि ९४००एफ मधल्या एफ चा अर्थच प्रोसेसरात ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावूनही काही दिसणार नाही.

आता बॅटरीचं. काढलीत तेव्हा भिंतीतला प्लग काढला होता का?

खिळेजुळव्या

नव्हता.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचा मजकूर आरशातल्यासारखा उलटा असतो, तो ते वर्तमानपत्रासारखा घडाघडा वाचायचे. लहानपणी मीही वाचायला शिकलो होतो. आणि आज मला उलटा डी ओळखता आला नाही. हे घरात कुणाला सांगणार नाहीये.

हिंजवडी_फेज_तीन

प्लग लावलेला असेल तर पॉवर सप्लाय बंद दिसला तरी बोर्डाला स्टँडबायचा करंट देत राहतो. बॅटरी काढली काय, न काढली काय. आता प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल, मग बॅटरी काढा आणि पाच मिनिटं चहा घ्या. किंवा पुस्तकात क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसण्याच्या) दोन पिना कुठे आहेत ते बघा आणि प्लग काढलेला असतानाच त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडून ठेवा. बॅटरी जुनीच असेल तर नवी सीआर२०३२ घाला.

सेटिंग मूळपदावर गेलं की तुमच्या बोर्डावर सीएसएम परत चालू व्हायला हवं.

खिळेजुळव्या

आलं! “सेटिंग रीसेट झालं, एफ१ दाबा” असं लिहून आलं. घड्याळ २०१८ मध्ये गेलं होतं, तेवढं दुरुस्त केलं. विंडोज १० उघडलं, फायली जागच्या जागी. मुंजीची पत्रिका प्रेसला गेली.

पण मूळ रडगाणं तसंच आहे. विंडोज ११ हवं तर सिक्युअर बूट हवा, सिक्युअर बूट हवा तर सीएसएम बंद हवं, आणि ते बंद केलं की डी६. कार्ड बदलावंच लागणार का?

सोल्डरवाली_ताई

हो, बदलावंच लागेल. आधी खात्री करून घ्या: जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात यूईएफआयसमोर चौकट असते. तिथे टिक नसेल तर प्रश्न मिटला. जुन्या कार्डात नवा रॉम भरून देणारे भेटतात, पण एका कार्डाचा रॉम दुसऱ्यात घातला तर ते कायमचं जातं, आणि तुमच्या हिशेबी घरात ते परवडणार नाही. पानं लावण्यासाठी जीटी १०३० सारखं साधं कार्ड पुरे. दुकानदाराला सांगा, इथेच सीएसएम बंद करून लावून दाखव.

मात्र कार्ड आणलं आणि लगेच सीएसएम बंद केलं, असं करू नका. तुमचं विंडोज इतकी वर्षं जुन्या पद्धतीने उठतंय, म्हणजे एसएसडी बहुधा एमबीआर (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी रीत) पद्धतीचा असणार. सीएसएम बंद केलं की नव्या कार्डावर चित्र येईल, पण बूट करायला डिस्क सापडणार नाही आणि मशीन तुम्हाला थेट बायोसच्या पानावर आणून सोडेल. तिथे डिस्प्लेवर ए९ किंवा एबी दिसला तर घाबरू नका, बायोसचं पान उघडं आहे एवढंच ते सांगतात.

म्हणून आधी फायलींची नक्कल दुसरीकडे. मग विंडोजमध्येच अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. डिस्क एमबीआरमधून नव्या जीपीटी पद्धतीत नेणारं ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन विंडोज १० मध्ये १७०३ आवृत्तीपासून आहे. पहिल्यांदा फक्त तपासणीचा म्हणजे व्हॅलिडेटचा पर्याय चालवा, डिस्कचा नंबर नीट बघून. त्या डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात आणखी भाग असलेला डिस्कचा भाग) असेल तर ते नकार देतं, तसं झालं तर इथे येऊन सांगा, स्वतः पार्टिशन उडवत बसू नका. तपासणी पास झाली तरच कन्व्हर्ट. १ टीबीच्या डिस्कला हात लावायचं कारण नाही, तिच्यावरून विंडोज उठत नाही.

त्यानंतर नवं कार्ड, त्यानंतर सीएसएम बंद, आणि विंडोज उठतंय का ते बघायचं. ते जमलं की मगच सिक्युअर बूट. तीन गोष्टी एका दमात बदलून एफ१० दाबलं की कोणती अडली ते कोड बिचारा कसं सांगणार?

बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) लावलंय का? लावलं असेल तर या सगळ्याआधी ते सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की टीपीएम गुपचूप चावी देत नाही, मग विंडोज ती तुमच्याकडे मागतं.

हिंजवडी_फेज_तीन

ताईंशी सहमत. एकच भर. बायोसमधल्या सिक्युअर बूटच्या पानावर कीज (सह्या तपासायच्या चाव्या) पुसण्याचा पर्याय दिसेल. दाबू नका. सिक्युअर बूट चालू असताना कार्डातल्या जीओपी ड्रायव्हरचीही सही तपासली जाते, आणि ती सही ओळखणारं मायक्रोसॉफ्टचं प्रमाणपत्र त्याच कीजमध्ये असतं. फक्त स्वतःच्या कीज भरून बसलेल्या लिनक्सवाल्यांनी असंच चांगलं कार्ड अंधारात घालवलेलं पाहिलंय. आणि सीमॉस क्लिअर करून त्या कीज परत येतीलच असं नाही, कारण त्या बॅटरीवर नव्हे, बायोसच्या फ्लॅश चिपमध्ये असतात.

खिळेजुळव्या

रविवारचा अहवाल. बिटलॉकर नव्हतं. जीपीयू-झेडमध्ये यूईएफआयची चौकट रिकामी, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. तपकीर गल्लीतून (दुसऱ्या दुकानातून) जुनं जीटी १०३० आणलं. घासाघीस केली नाही, आयुष्यात पहिल्यांदा. एमबीआर२जीपीटी पहिल्याच फटक्यात पास. सीएसएम बंद करून विंडोज उठलं. सिक्युअर बूट चालू केला तरी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये तो ‘ऑफ’च दिसत होता. मग बायोसच्या सिक्युअर बूट पानावर मोड ‘सेटअप’ आहे, म्हणजे कीज भरलेल्याच नाहीत, असं दिसलं, डीफॉल्ट कीज भरण्याचा पर्याय निवडला, ‘युजर’ झाला आणि ‘ऑन’ दिसायला लागलं. पुसण्याचं बटण त्याच्या अगदी शेजारी होतं. हात कापत होता.

विंडोज ११ टाकून झालं. एक शेवटची शंका. सगळं व्यवस्थित चालू आहे, तरी डिस्प्लेवर ‘एए’ आहे आणि जातच नाही. या वेळी सरळ बाजूने बघितलंय.

सोल्डरवाली_ताई

मशीनचा कारभार बायोसकडून विंडोजकडे गेला, असा त्याचा अर्थ. चालू आहे तोवर एएच राहणार. झाकण लावा आता.

खिळेजुळव्या

लावलं. एक स्क्रू उरलाय.