२००१ च्या खून खटल्यातला मुद्देमाल आज डीएनए तपासणीला पाठवता येईल का?

खानापूर_विधीसेवा
नमस्कार मंडळी. बेळगाव सेशन्स कोर्टातला खुनाचा खटला. घटना २००१ ची, जन्मठेप २००३ ला, अपील २००७ ला हायकोर्टानं फेटाळलं. सुप्रीम कोर्टात कुणी गेलंच नाही, शिक्षा झालेला बंदी (कैदी) अजून तुरुंगात आहे. जप्तीत कोयता, आरोपीचा शर्ट आणि मयताचं धोतर. रक्ताचा अहवाल एका ओळीचा: ‘मानवी रक्त, ओ गट’. डीएनए झालेलाच नाही. घरचे मराठी आणि कागद सगळे कन्नडमध्ये, त्यामुळं निकालात काय लिहिलंय हेही त्यांना पुरतं माहीत नाही. सुरुवात कुठून करावी? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम ४८२ खाली, म्हणजे हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारात, थेट अर्ज चालेल का?

हलगेकर
कलमाचं नंतर बघू, आधी वस्तू जागेवर आहे का ते बघा. निकालाची नक्कल काढून शेवटचा परिच्छेद वाचून घ्या. शिक्षेनंतर तिथं मुद्देमालाचा आदेश असतो: ‘एमओ १ ते ७ किंमतशून्य असल्यानं अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत.’ (एमओ म्हणजे कोर्टात दाखल झालेली मुद्देमालाची वस्तू.) हे वाचून बरेच जण फाईल मिटतात आणि तिथंच चूक होते. नष्ट करा म्हटलं म्हणजे नष्ट केलं असं नव्हे. कोर्टाच्या मुद्देमाल रजिस्टरात त्या नंबरापुढं तारीख आणि सही आहे का ते पाहा. रकाना कोरा असेल तर गाठोडं अजून खोलीत असू शकतं.

नंबर जुळवताना घोळ होतो. एकाच कोयत्याला ठाण्यात पी.एफ. (जप्त मालाची नोंद) नंबर, कोर्टात एमओ नंबर, प्रयोगशाळेत तिसराच. महजर (आपण पंचनामा म्हणतो तोच), पी.एफ. आणि अहवाल शेजारी ठेवून तक्ता करा. अपील हायकोर्टाचं धारवाड बेंच सुरू व्हायच्या आधीचं आहे, ते आलं २००८ ला. म्हणून हायकोर्टाची फाईल बंगळूरला विचारा. खालच्या कोर्टाचं मूळ रेकॉर्ड मात्र बेळगावला परत आलेलं असतं.

गाठोडं आहे असं कळलं की त्याच दिवशी ‘नष्ट करू नये’ एवढ्या एका मागणीचा अर्ज सेशन्स कोर्टात द्या. तपासणीची मागणी त्यात घालू नका, त्यावर वाद होतो आणि तारखा पडतात.

सिरॉलॉजी_टेबल
‘ओ गट’ म्हणजे साधारण तिघांतला एक माणूस. त्यावरून ते रक्त मयताचंच, असं म्हणता येत नाही. आजच्या एसटीआर किटला (डीएनएतले माणसागणिक बदलणारे तुकडे वाचणारी चाचणी) अर्धा ते एक नॅनोग्रॅम डीएनए पुरतो, म्हणजे साधारण पाऊणशे ते दीडशे पेशी. त्यामुळं जुन्या तपासणीसाठी कात्री लावून उरलेला डागही कामाचा.

पण गाठोडं कसं बांधलंय ते महत्त्वाचं. शर्ट आणि धोतर एकाच पोत्यात राहिले असतील तर वाळलेल्या रक्ताचे कण एकीकडून दुसरीकडं जातात. मग शर्टावर मयताचं रक्त सापडलं तरी ते तेव्हाचं की पोत्यातलं, हे सांगता येत नाही. उलट धोतरावर किंवा कोयत्यावर तिसऱ्याच माणसाचा ठळक डाग निघाला, तर ती गोष्ट पोत्यातल्या मिसळीनं उडवून लावता येत नाही. मागणी त्या दिशेनं मांडा.

कोयत्याच्या मुठीवर वरवरचं काही मागू नका. कोर्टात पंच, साक्षीदार, वकील सगळ्यांनी तो उघड्या हातानं धरलेला असतो. पातं मुठीत शिरतं त्या सांध्यात रक्त झिरपून बसतं, मूठ काढून तिथला नमुना घ्यायला सांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते आणि डीएनए तुटतो. तुटलेल्या डीएनएला छोटे तुकडे वाचणारं मिनी-एसटीआर लागतं, ते अर्जात नावानिशी लिहा.

तुलनेला बंद्याच्या गालाचा स्वॅब आणि मयताच्या आई-वडिलांचे किंवा मुलांचे नमुने लागतील. ‘आता काही निघणार नाही’ असं जुनं पत्र फाईलीत असलं तरी थांबू नका. इंग्लंडमध्ये पीटर सुलिव्हन यांना १९८७ मध्ये शिक्षा झाली. २००८ मध्ये डीएनए मिळण्याची शक्यता कमी म्हणून तपासणी झाली नाही. पुढं त्याच जपलेल्या नमुन्यातून दुसऱ्या पुरुषाचा डीएनए निघाला आणि मे २०२५ मध्ये शिक्षा रद्द झाली.

धारवाड_बार
४८२ (आता नव्या संहितेचं, म्हणजे बीएनएसएसचं, ५२८) नं संपलेलं अपील उघडत नाही, दिलेला निकाल कोर्टानं पुन्हा बदलू नये असं सांगणारं ३६२ (आता ४०३) आडवं येतं. ३९१ (आता ४३२) खाली जादा पुरावा घेता येतो, पण अपील चालू असेल तरच. तुमच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाचं दार बंद झालेलं नाही: उशीर माफीच्या अर्जासह विशेष अनुमती याचिका करा आणि सोबत तपासणीची मागणी जोडा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. हेल्पलाइन १५१००. मुद्देमाल जतनाचा अर्ज सेशन्स कोर्टात फेटाळला गेला तर धारवाडला हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट. पुढं अहवाल बाजूनं आला तर राज्यपालांकडं राज्यघटनेच्या कलम १६१ खाली माफीचाही अर्ज होतो.

सील कुणी तोडू नये. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की खटला किंवा अपील चालू असताना डीएनए नमुन्याचं पाकीट ट्रायल कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. तोच दाखला देऊन, कोर्टासमोर फोटो काढूनच उघडण्याची विनंती करा.

सीमाभागात आणखी एक बघावं लागतं. घटना कुठल्या ठाण्याच्या हद्दीत घडली ते पाहा, गाव कुठलं ते नव्हे. महाराष्ट्रातल्या चंदगड हद्दीतली असती तर मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडं जावं लागलं असतं.

खानापूर_विधीसेवा
आभारी आहे. रजिस्टरात ‘नष्ट’ची सही निघाली तर?

सिरॉलॉजी_टेबल
तर शवविच्छेदन झालेल्या दवाखान्यात मयताच्या शरीरातल्या ऊतींच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे आहेत का विचारा. ऊती टिकवायला वापरतात त्या फॉर्मलिननं डीएनए तुटतो, तरी मयताचा नमुना म्हणून ते चालू शकतात. आणि अर्ज देण्याआधी बंद्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा की निकाल विरुद्धही जाऊ शकतो. त्याची लेखी संमती मराठीत घ्या आणि कन्नड भाषांतर सोबत लावा.