घरबसल्या ऑनलाइन कमाई सुरू होते, पण टिकत नाही : सल्ला हवा आहे

पारिजात

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे, तिला विचारूनच इथे मांडतेय.

मुलं लहान आहेत, त्यामुळे बाहेरची पूर्ण वेळ नोकरी तिला सध्या जमणार नाही. भाषा चांगली आहे, टायपिंगला हात बसलेला आहे. म्हणून घरून ऑनलाइन काही करायचं ठरवलं. आधी ट्रान्स्क्रिप्शन घेतलं, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून द्यायचं. थोडे पैसे आलेही. मग कुणी तरी म्हणालं, यात फार राबावं लागतं, त्यापेक्षा ब्लॉग काढ, एकदा लिहिलं की पैसे येत राहतात. ब्लॉग काढला. तिथे चार माणसं यायला लागली तोवर व्हिडिओ चॅनेलचं कुणी तरी डोक्यात भरवलं. आता तिन्ही अर्धवट पडलंय आणि ती म्हणते, "ताई, माझ्यात चिकाटीच नाही गं."

मला हे मुळीच पटत नाही. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन ती टायपिंग शिकली आहे. आणि ती एकटी नाही, ओळखीतली किती तरी कष्टाळू माणसं ऑनलाइन कामात मात्र काही महिन्यांत गळालेली पाहते मी. तर सांगा, तिने आता कोणतं काम धरावं? आणि धरलेलं सुटू नये म्हणून तुम्ही काय करता? एका महागड्या कोर्सची जाहिरात तिला सारखी दिसतेय, त्याबद्दलही सांगा. 'मन लावून करा, यश मिळेल' हे तिने खूप ऐकलंय, तेवढं सोडून.

टंकनिका

पारिजात, मी बरीच वर्षं घरूनच ट्रान्स्क्रिप्शन आणि सबटायटल्सचं काम करते. तुमच्या बहिणीने तीन कामं घेतली असं तुम्हाला वाटतंय, पण माझ्या मते ती दोन वेगळ्याच जातीची आहेत, आणि गोंधळ तिथेच झालाय.

एका जातीत काम दिलं की पैसे मिळतात. फाइल पाठवली, तपासून झाली, पैसे आले. दुसऱ्या जातीत आधी खूप काम साठवावं लागतं आणि पैसा फार उशिरा येतो. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा हवा असेल तर १००० सबस्क्रायबर लागतात आणि शिवाय मागच्या १२ महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ ४००० तास पाहिलेले लागतात. (शॉर्ट्स करणाऱ्यांना तासांऐवजी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज.) ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक माणूस एका व्हिडिओवर सरासरी चार मिनिटं थांबला असं धरलं, तरी वर्षात ६० हजार वेळा तुमचे व्हिडिओ पाहिले जायला हवेत. ब्लॉगचंही तसंच. ब्लॉगवर जाहिराती दाखवणारी गूगलची सेवा अ‍ॅडसेन्स १०० डॉलर साठेपर्यंत पैसे पाठवत नाही. वाचक गूगलवरच्या शोधातून येणार म्हणावं, तर साइट सुधारल्याचा परिणाम शोधात दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलनेच २०१७ मध्ये सांगितलं होतं.

म्हणजे तिला ब्लॉगवर जे शून्य दिसत होतं ते त्या वेळी शून्यच असायचं होतं. ते तिला कुणी आधी सांगितलं नाही. मनात मात्र 'दोन महिन्यांत काही तरी यायलाच हवं' असा हिशेब असतो. तो चुकला की माणूस कामाला दोष देतो किंवा स्वतःला, आणि नव्या कामात पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहतो. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक जण याच ठिकाणी सुटले आहेत. आळशी त्यांतलं कुणीच नव्हतं.

मग ट्रान्स्क्रिप्शन का सुटलं? माझा अंदाज सांगते. दर रेकॉर्डिंगच्या मिनिटाला असतो, आपल्या मिनिटाला नसतो. आवाज स्वच्छ असला तरी एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला नवख्या माणसाचे चार तास सहज जातात. तिघं-चौघं एकदम बोलत असतील किंवा मागे पंखा घरघरत असेल तर आणखी. तासाचा म्हणून पाहिलेला दर हातात पडताना त्याच्या पावच उरतो. शिवाय आता साधं उतरवण्याचं काम संगणक करतो. माणसाकडे येतं ते त्याने केलेलं तपासण्याचं, आणि जिथे तो अडखळतो तिथलं : बोलीभाषा, नावं, एकमेकांत मिसळलेले आवाज.

म्हणून माझी शिफारस : त्याच कामाला धरून पुढे सरका, सबटायटल्सकडे. कान तयार आहे, हात तयार आहे, ते वाया जाऊ देऊ नका. यात टायपिंगपेक्षा निर्णय जास्त असतात. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं. समजा वाक्य आहे, 'तिने दार उघडलं आणि बाहेर कोणीच नव्हतं.' नवखा माणूस पहिली ओळ 'आणि'वर तोडतो. ती 'उघडलं'वर तोडायची आणि 'आणि' खालच्या ओळीत घ्यायचा, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्याला वाक्य अडत नाही. असे शंभर बारकावे आहेत आणि ते कामानेच येतात. वापराची मुभा असलेलं पाच-दहा मिनिटांचं भाषण घेऊन दोन-तीन नमुने करायला सांगा. क्लायंट प्रोफाइलवरच्या वाक्यांपेक्षा नमुना बघतात.

ओंजळ

टंकनिकांचं पटलं, पण ब्लॉगची बाजू घेऊन बोलते, कारण माझा ब्लॉग आता घरखर्चाला हातभार लावतो. तो बंद करू नका. आठवड्यातला एक ठरलेला दिवस त्याला द्या आणि त्याच्याकडून यंदा पैशाची अपेक्षाच ठेवू नका. रोजचा पैसा टंकनिका सांगतात त्या कामातून येऊ दे. पोटाची काळजी ब्लॉगवर टाकली की लिहिण्यातला जीवच जातो. मग माणूस काय खपेल तेच लिहायला लागतो, आणि ते खपतही नाही.

आणखी एक, आणि हे मी फार कळकळीने सांगतेय. आकडे महिन्यातून एकदाच बघायचे. आज किती आले, काल किती होते, हे दर तासाला उघडून बघण्यात दिवस जातो आणि दमल्यासारखं होतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की पक्षी न थकता चोच मारत राहतो. आकड्यांचं पान तसंच ओढून घेतं, आणि काम केल्याचं खोटं समाधान देतं.

मोजायचंच असेल तर आपल्या हातात असलेलं मोजा. या आठवड्यात किती नमुने केले, किती ठिकाणी प्रस्ताव पाठवले, किती लेख पूर्ण झाले. क्लायंटने हो म्हणणं आपल्या हातात नाही, प्रस्ताव पाठवणं आहे. वहीत तारीख टाकून लिहायला सांगा.

सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे सांगतात, त्यावर तिला विसंबू देऊ नका. लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांना एक एक साधी रोजची सवय लावायला सांगून मागोवा घेतला होता, २०१० मध्ये ते छापून आलं. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला, मधला आकडा ६६. आणि त्यात जेवणाबरोबर पाणी पिण्यासारख्या सवयी होत्या. त्यातलीच दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. मूल आजारी पडलं, आठवडा गेला, की 'झालं, आता सगळं बिघडलं' म्हणून सोडून देणारे खूप असतात. तिला हे वाचून दाखवा.

पारिजात

टंकनिका, ओंजळ, तुमचे प्रतिसाद तिला फोनवर वाचून दाखवले. रेकॉर्डिंगच्या मिनिटाचं ऐकून ती क्षणभर गप्पच झाली. तिला खरंच वाटत होतं की आपण हळू आहोत.

एक अडचण मात्र राहिलीच. ती कामाला बसली की सगळ्यांना वाटतं ती मोकळीच आहे. दाराची बेल तिनेच बघायची, फोन तिनेच घ्यायचा, कुणाला काही सापडत नसलं तर हाक तिलाच. हेडफोन कानात दिसला की 'काय ऐकतेयस?' घरचे वाईट नाहीत हो, पण अजून पैसे दिसत नाहीत म्हणून ते काम वाटत नाही. याचं काय करायचं?

खिडकीपाशी

हीच खरी गोम आहे. चिकाटीवर बोलताना आपण हे विसरतो की नोकरीतला माणूस रोज स्वतःच्या इच्छाशक्तीवर उठत नाही. वेळ ठरलेली असते, वाट पाहणारी माणसं असतात, महिनाअखेरीला पगार असतो. ही सगळी चौकट त्याला आयती मिळते. घरून ऑनलाइन काम करणाऱ्याला ती एकट्याने उभी करावी लागते आणि तिच्यात बसून कामही करावं लागतं.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कॉल सेंटरमधल्या काही जणांना नऊ महिने घरून काम दिलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे घरी काम होतं! पण त्यांना शिफ्ट होती, वरिष्ठ होते, पगार होता. आणि एवढं असूनही, प्रयोग संपल्यावर निवड करायची मुभा मिळाली तेव्हा त्यांतले बरेच जण कार्यालयात परतले. मोठं कारण होतं एकटेपणा. सगळी व्यवस्था पाठीशी असणाऱ्यांची ही गत, तर तुमच्या बहिणीने एकटीने तगून दाखवावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

म्हणून दोन गोष्टी. घरच्यांना 'मला वेळ द्या' असं मोघम सांगून काही होत नाही. कोणत्या वेळेला, किती वेळ, आणि त्या वेळात बेल, फोन, मुलं कोण बघणार, हे नावानिशी ठरवा. दीड तास असला तरी चालेल, पण तो रोज त्याच वेळेचा हवा. कामाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा : 'गुरुवारी फाइल द्यायची.' काम दिसायला लागलं की माणसं आपोआप सांभाळून घेतात, हा माझा अनुभव आहे. यात तुम्ही, मोठी बहीण म्हणून, एकदा बसून घरच्यांशी बोललात तर तिचं अर्धं ओझं उतरेल.

दुसरं, तिला कामाची मैत्रीण शोधून द्या. आम्ही दोघी वेगवेगळी कामं करतो, पण सकाळी कॉल लावून आवाज बंद ठेवून आपापलं करत बसतो. सुरुवातीला आज काय करणार ते सांगायचं, उठताना काय झालं ते. समोर कुणी बसलेलं असलं की मधेच उठावंसं वाटत नाही.

रेघोट्या

कोर्सचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आत्ता घेऊ नका. शिकवणारा ते काम करून कमावतो की ते काम शिकवून कमावतो, एवढं आधी बघा. 'अमुक दिवसांत इतकी कमाई' असं जिथे लिहिलंय तिथे तर मुळीच नको. टंकनिकांनी वर सांगितलेले नमुने करताना ती नेमकी कुठे अडते ते कळू दे, मग तेवढंच शिकवणारं काही शोधा.

आणि कृपया फसवणुकीबद्दल तिला नीट समजवा. घरून काम शोधणाऱ्यांच्या मागे ही मंडळी असतातच. अनोळखी मेसेज येतो, व्हिडिओ लाइक करा किंवा रेटिंग द्या, पैसे मिळतील. पहिल्यांदा खरंच थोडे पैसे देतात, विश्वास बसावा म्हणून. मग 'पुढच्या टप्प्यासाठी' डिपॉझिट मागतात, पडद्यावर तुमची शिल्लक फुगलेली दाखवतात, आणि ती काढायची म्हटलं की आणखी पैसे भरा. काम देणारा आपल्याकडे पैसे मागत असेल तर तिथेच थांबायचं. कायदेशीर ठिकाणी कमिशन असतं, पण ते कमाईतून कापलं जातं. फायव्हर ही ऑनलाइन कामं मिळवून देणारी साइट २० टक्के घेते आणि काम पूर्ण झाल्यावरही नव्या विक्रेत्याचे पैसे हातात यायला साधारण १४ दिवस लागतात. अपवर्क या तसल्याच साइटवर प्रस्ताव पाठवायला 'कनेक्ट्स' नावाची टोकन लागतात, ती संपली की विकत घ्यावी लागतात, म्हणून दिसेल त्या कामाला अर्ज करू नये. हे आधी माहीत असलं की धक्का बसत नाही.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघी बसलो. सबटायटल्स धरायचं ठरलंय, ब्लॉगला रविवार, चॅनेल तूर्त बंद. कोर्स नाही. सकाळचा दीड तास भाऊजी मुलांना बघणार आहेत, तिच्यासमोरच मी त्यांच्याशी बोलले. खिडकीपाशी, तुमच्यासारखी कॉलवर बसणारी मैत्रीण मीच होईन म्हणते, माझंही बरंच लिखाण पडलंय.

टंकनिका, एक शेवटचं. पहिला नमुना तिने करायला घेतलाय, पण बोलणारे फार भरभर बोलतात, ४२ अक्षरांत बसतच नाही. शब्द गाळले तर चालतात का?

टंकनिका

चालतात, गाळावेच लागतात. 'म्हणजे', 'तसं बघायला गेलं तर', दोनदा म्हटलेला शब्द, हे आधी काढा. नावं, आकडे आणि नकार यांना हात लावायचा नाही. एवढं करूनही बसलं नाही तर वाक्य दोन सबटायटल्समध्ये विभागा, पण प्रत्येक किमान एक सेकंद तरी पडद्यावर राहू दे. आणि झाल्यावर आवाज बंद करून एकदा सबंध बघा, नुसतं वाचून अर्थ लागतोय का ते. नमुना पूर्ण झाला की मला इथेच निरोप टाका, मी बारकाईने बघून देते.