सोड्याचा सिलिंडर फ्रिजच्या आत की बाहेर?

खाडीकाठ, वेंगुर्ले: जुन्या फ्रिजमध्ये १९ लिटरचा केग (पेयाचं बंद पिंप) बसवून नळाने कोकम सोडा काढतो. सामान घरच्या ड्राफ्ट बिअरचंच. फक्त बिअरला गॅसचा दाब १०-१२ पीएसआय पुरतो, सोड्याला मी ३० देतो. सीओटूचा, म्हणजे फसफस आणणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर दोन पावसाळे पडवीत होता. दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरचा पितळी नट हिरवा पडला आणि सिलिंडर उचलला तर लादीवर गंजाचं कडं! आता तो फ्रिजच्या आत. खाऱ्या वाऱ्यात दुसरी जागाच नाही.

माडबन: साफ चूक. आत ठेवलात की सिलिंडरच्या दाबाचा काटा ३८ बारच्या आसपास उतरतो, गॅस संपला की काय कळत नाही. भरायला बाहेर काढलात की दमट हवेत घामाने निथळतो. मग गंज कुठे चुकला?

खाडीकाठ: काटा तापमान सांगतो हो, शिल्लक नाही. आत द्रव आहे तोवर दाब तेवढाच. रिकाम्याचं वजन सिलिंडरवर कोरलेलं असतं. मी काजूबियांच्या ताणकाट्याला टांगतो आणि वजाबाकी करतो. निथळला तर पुसायचा. उलट ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात तुमच्या पत्र्याच्या पडवीत काय होत असेल?

फ्रिजमिस्त्री: सिलिंडर बाहेर ठेवायचा तर गॅसच्या नळीसाठी फ्रिजला भोक पाडावं लागणार. बाजूच्या पत्र्यात ड्रिल घालू नका, आत कंडेन्सरच्या, म्हणजे फ्रिजची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, नळ्या असू शकतात. गेल्या वर्षी एकाने घातलं. फुस्स! फ्रिज भंगारात. साध्या सिंगल डोअरच्या दारातून पाडा.

माडबन: तेच म्हणतो, दारातून नळी काढा. आणि खाडीकाठ, तुमचा फ्रिज माजघरात ना? सीओटू हवेच्या दीडपट जड, वास नाही. गळती झाली तर दार उघडताच सगळा जमिनीलगत पसरणार. मे महिन्यात चाकरमानी आले की तिथेच गाद्या टाकून झोपतात. पडवीत गळला तर वारा नेतो.

खाडीकाठ: गाद्यांचं खरं आहे, हे डोक्यात नव्हतं. मग फ्रिजच पडवीत नेतो, सिलिंडर आतच ठेवून.

फ्रिजमिस्त्री: न्या. मागच्या जाळीला खारं वारं लागलं की मला फोन करालच.

माडबन: एवढ्या खटाटोपापेक्षा सिलिंडरला सावलीत एक लाकडी पाट आणि भिंतीला साखळी. नटावर ग्रीस. झालं!

खाडीकाठ: ग्रीस रेग्युलेटरला? तुमच्या घरी सोडा पिणार नाही मी.